एकदम भरा, पण ताबडतोब नव्हे

पत्र : डोंबिवलीतल्या आमच्या गृहनिर्माण संस्थेची मी गेली दोन वर्षे सचिव आहे. सभासदांत तमिळ, गुजराती आणि मल्याळी कुटुंबे असल्यामुळे फलकावरच्या सूचना आम्ही इंग्रजीत लावतो. मेंटेनन्सची थकबाकी काहीजण थोडी थोडी भरतात आणि खजिनदारांना ती जुळवत बसावे लागते, म्हणून ३१ मार्चपर्यंत ती एकदम भरावी असे समितीने ठरवले. मी लिहिले, 'मेंबर्स आर रिक्वेस्टेड टू पे ऑल एरिअर्स ॲट वन्स.' दुसऱ्याच दिवशी एक ज्येष्ठ सभासद तणतणत आले. 'ताबडतोब भरा म्हणजे काय? आम्ही काय पळून चाललो आहोत?' मला तर 'एकदम' म्हणायचे होते. त्याच आठवड्यात माझ्या नववीतल्या मुलीच्या निबंधात 'ऑल ॲट वन्स द चिल्ड्रन स्टुड अप' या वाक्याखाली बाईंनी लाल रेघ ओढली आणि समासात विचारले, 'अचानक की एकत्र?' तिलाही 'सगळी मुले एकदम उभी राहिली' असेच म्हणायचे होते. शब्दकोशात दोन्ही अर्थ दिलेले आहेत. मग आमचे चुकले कुठे?

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

आपले पत्र दोनदा वाचले. पहिल्या वाचनात त्या ज्येष्ठ सभासदांच्या रागाचे हसू आले आणि दुसऱ्या वाचनात त्यांची बाजू पटली, कारण इंग्रजीच्या हिशेबाने त्यांनी आपली सूचना बरोबरच वाचली होती. आपल्या आणि मुलीच्या मनात मराठी शब्द एकच होता, 'एकदम', आणि दोन्ही जागी तो चपखल होता. परंतु तो इंग्रजीत उतरवताना दोघींचे पाऊल वेगवेगळ्या पायरीवर घसरले. आपल्या वाक्यात 'ऑल' हा शब्द होता खरा, पण तो थकबाकीला जाऊन चिकटला आणि 'ॲट वन्स' एकटे उरले. मुलीच्या वाक्यातला वाक्प्रचार पुरा आणि शुद्ध आहे. फक्त तो अशा जागी बसला आहे की वाचणाऱ्यापुढे दोन वाटा उघडतात आणि कोणती धरावी ते त्याला कळत नाही. म्हणून दोन्ही प्रसंग वेगवेगळे घेतो.

आधी फलकावरची सूचना. 'ॲट वन्स' या जोडीला इंग्रजीत दोन अर्थ आहेत, 'ताबडतोब' आणि 'एकाच वेळी', आणि त्यांपैकी कोणता लागू पडायचा हे आजूबाजूचे शब्द ठरवतात. ये, जा, थांब, उत्तर पाठव, पैसे भर अशी आज्ञा किंवा विनंती असली की वाचणाऱ्याचे मन आधी 'ताबडतोब'कडे धावते. आपल्याकडे तर या अर्थामागे तारेची आठवण आहे. भारतातली तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, पण त्याआधीच्या पिढ्यांनी 'फादर सीरियस, कम ॲट वन्स' अशा धाटणीचा मजकूर स्वतःच्या नाहीतर शेजारच्या घरी वाचलेला आहे. तारेत शब्दागणिक पैसे पडत, त्यामुळे 'असशील तसा नीघ' एवढे सगळे दोन शब्दांत सांगणारा हा प्रयोग सोयीचा होता. ज्याने 'ॲट वन्स' पहिल्यांदा तारेच्या कागदावर पाहिले, त्याला ते उतारवयात सोसायटीच्या फलकावर दिसले तर त्याच्या पोटात गोळा तरी येणार किंवा डोक्यात तिडीक तरी जाणार. आपल्या सभासदांचे दुसरे झाले. 'रिक्वेस्टेड' या शब्दाचीही काही मदत झाली नाही, कारण शब्द विनंतीचा आणि सूर हुकमाचा ही कचेरीतल्या इंग्रजीची जुनी सवय सर्वांच्या परिचयाची आहे.

'एकाच वेळी' हा दुसरा अर्थ वर येतो तो वाक्यात माणसे, वस्तू किंवा कामे एकाहून अधिक असली आणि ती एकेक करून घेता आली असती, तेव्हा. 'डोन्ट ऑल टॉक ॲट वन्स' म्हणजे सगळे एकदम बोलू नका. 'शी डझ थ्री थिंग्ज ॲट वन्स' म्हणजे ती तीन कामे एका वेळी करते. एकाच माणसाचे किंवा वस्तूचे दोन परस्परविरोधी गुण सांगतानाही हा अर्थ चालतो: एखादा चेहरा 'ॲट वन्स स्टर्न अँड काइंड' असतो, म्हणजे करडाही असतो आणि मायाळूही. आपल्या वाक्यात अनेकपणाची खूण होती, कारण 'ऑल एरिअर्स' म्हटल्यावर अनेक महिन्यांच्या रकमा डोळ्यांपुढे येतात. पण शेजारीच 'पे' ही आज्ञेची खूणही होती, आणि समितीच्या सहीने लागलेल्या कागदावर आज्ञेचीच खूण वरचढ ठरते.

हेच 'ऑल' जर 'ॲट वन्स'ला लागून आले असते तर चित्र बदलले असते. 'ऑल ॲट वन्स' हा पुरा वाक्प्रचार दोनच कामे करतो, 'अचानक' सांगण्याचे आणि 'सगळे एका वेळी' सांगण्याचे. 'लगेच' सांगण्याचे काम तो करत नाही. तरीसुद्धा सूचनेसाठी मी तो सुचवणार नाही, कारण त्यात एक खोडी आहे. समजा आपण लिहिले, 'पे इट ऑल ॲट वन्स'. इथले 'ऑल' मागच्या 'इट'ला जोडले तर 'सगळे भरा, आणि लगेच भरा' असा अर्थ निघतो. पुढच्या 'ॲट वन्स'ला जोडले तर 'एका दमात भरा' असा निघतो. बोलताना आपण कुठे थांबतो आणि कशावर जोर देतो यावरून ऐकणाऱ्याला नेमके कळते. फलकावरच्या कागदाला ती सोय नाही.

आता प्रश्न असा, की 'अचानक' आणि 'एकत्र' या दोन लांबच्या वाटणाऱ्या अर्थांनी एकाच घरात बिऱ्हाड का करावे? 'वन्स' हा शब्द 'वन'पासून, म्हणजे 'एक'पासून झालेला आहे. त्याच्या शेवटचा 'स' हा जुन्या इंग्रजीतल्या षष्ठीच्या प्रत्ययाचा अवशेष असून 'ट्वाइस' आणि 'थ्राइस' यांतही तोच ऐकू येतो. 'वन'च्या आरंभीचा 'व' मात्र नंतरच्या उच्चारातून आलेला आहे. 'ओन्ली' आणि 'अलोन' ही त्याचीच भावंडे, पण त्यांच्या वाट्याला तो आला नाही. म्हणजे 'ॲट वन्स' हे मुळात 'एका वेळेत' आणि 'ऑल ॲट वन्स' हे 'सगळे एका वेळेत'. जी गोष्ट तुकड्यातुकड्याने येते ती आधी चाहूल देते: दोन थेंब पडतात, मग चार पडतात, मग आपण दोरीवरचे कपडे काढायला धावतो. जी सगळीच्या सगळी एका वेळेत येते तिच्यापाशी चाहूल देण्यापुरताही तुकडा सुटा नसतो, आणि म्हणून ती अचानक आल्यासारखी वाटते. एकत्र येण्याच्या पोटातून अचानकपणा निघाला तो असा.

मराठीनेही हीच वाट धरली. 'एकदम' आपल्याकडे फारसीतून आला. 'यक' म्हणजे एक आणि 'दम' म्हणजे श्वास, आणि श्वासावरून क्षण. एका श्वासात जे घडते ते एकदम. 'एकदम वीज गेली' यात तो अचानक आहे, 'आपण सगळे एकदम निघू' यात तो एकत्र आहे, आणि 'पैसे एकदम दे' यात तो एकरकमी आहे. जर्मन भाषेतला 'आउफ आइनमाल' हा वाक्प्रचारही 'एक वेळ' या कल्पनेतूनच घडला आणि त्यालाही 'अचानक' आणि 'एकाच वेळी' असे दोन्ही अर्थ आहेत. म्हणून 'ऑल ॲट वन्स' शिकण्यासाठी मराठी माणसाला नवी कल्पना डोक्यात भरावी लागत नाही. ती त्याच्या तोंडी आधीपासूनच आहे.

मात्र 'एकदम'च्या भरवशावर सगळीकडे जाता येत नाही. 'एकदम छान', 'एकदम बरोबर', 'एकदम नवा कोरा' यांतल्या 'एकदम'चा अर्थ 'अगदी' असा आहे, आणि तिथे 'ऑल ॲट वन्स' घातले तर इंग्रजी वाचणारा चक्रावून जाईल. तिथे 'ॲब्सोल्यूटली', 'कम्प्लीटली' किंवा साधे 'व्हेरी' हवे. दुसरी फसगत आपल्या फलकावर झालीच आहे: 'एकदम' आणि 'ॲट वन्स' यांत 'एक' आणि 'वन' समोरासमोर दिसतात म्हणून ते जुळे वाटतात, पण आज्ञार्थी वाक्यात 'ॲट वन्स' उठून 'ताबडतोब'च्या पंगतीला जाऊन बसते. शब्दांच्या अशा सरकण्याचे आपल्याला खरे तर नवल वाटू नये. संस्कृतात 'सहसा' म्हणजे अचानक, मागचापुढचा विचार न करता; आपण मराठीत 'मी सहसा बाहेर जेवत नाही' म्हणतो तेव्हा त्यात त्या अचानकपणाचा मागमूसही उरलेला नसतो, आणि संस्कृत शिकून मराठीकडे येणारा परप्रांतीय तिथे अडखळतो.

या घोटाळ्यातून सुटण्यासाठी मी स्वतः एक साधा प्रश्न वापरतो. 'एकदम' इंग्रजीत नेण्याआधी मी विचारतो: एकदम, म्हणजे कसे नव्हे? 'हप्त्याहप्त्याने नव्हे' किंवा 'थोडे थोडे नव्हे' असे उत्तर आले तर 'इन वन गो' किंवा 'ऑल ॲट वन्स' चालेल. 'एकामागून एक नव्हे' असे आले तर 'टुगेदर' किंवा 'ॲट द सेम टाइम' अधिक स्वच्छ. 'चाहूल देऊन नव्हे' असे आले तर 'सडनली', 'ऑल ऑफ अ सडन' किंवा पुन्हा 'ऑल ॲट वन्स'. आणि 'उद्या-परवा नव्हे' असे उत्तर आले तरच, केवळ तेव्हाच, एकटे 'ॲट वन्स'. आपण सूचना लिहिताना हा प्रश्न विचारला असता तर 'हप्त्याहप्त्याने नव्हे' हे उत्तर क्षणात मिळाले असते, कारण समितीच्या बैठकीत चर्चा त्याचीच झाली होती.

हा प्रश्न मला एका चुकीने शिकवला. तरुणपणी मी एका दैनिकात इंग्रजी बातम्या मराठीत उतरवण्याचे काम करत असे. एका पावसाळी रात्री धरणाची बातमी आली, 'ऑल द गेट्स वेअर ओपन्ड ॲट वन्स', आणि मी बेधडक लिहिले, 'सर्व दरवाजे ताबडतोब उघडण्यात आले'. मुख्य उपसंपादकांनी कागद परत माझ्यापुढे टाकला आणि विचारले, 'ताबडतोब म्हणजे पाणी वाढल्यावर लगेच, की सगळे एका वेळी? खालच्या गावाला यातले काय कळायला हवे?' मला सांगता येईना. फोन करून विचारले तेव्हा कळले की सगळे दरवाजे एकाच वेळी उचलले होते. कधी उचलले याला फारसे महत्त्व नव्हते, पाणी किती मोठ्या लोंढ्याने येणार याला होते. कोल्हापूरकरांना हा फरक समजावून सांगावा लागत नाही. राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाण्याची पातळी चढेल तसा एकेक दरवाजा आपोआप उघडतो, आणि आतापर्यंत किती उघडले यावर भोगावती आणि पंचगंगेच्या काठची माणसे आपली आवराआवर ठरवतात. कोयनेच्या सहा वक्र दरवाजांची बातमी बहुधा वेगळ्या घाटाची असते: सहाही दरवाजे अमुक फुटांनी उचलले. पहिली बातमी इंग्रजीत लिहायची तर 'वन आफ्टर अनदर' हवे, दुसरीला 'टुगेदर' किंवा 'ॲट द सेम टाइम'. या दोन्ही बातम्यांत मी 'ऑल ॲट वन्स' टाळीन, कारण त्याच्या अंगाला लागलेला 'अचानक'चा वास नदीकाठच्या वाचकाला उगाच घाबरवील.

आता मुलीचे वाक्य. 'ऑल ॲट वन्स' हा वाक्प्रचार कोणता अर्थ घेणार हे ओळखण्यासाठी आधी कर्त्याकडे पाहावे. कर्ता एकटा असेल आणि क्रिया क्षणात उरकणारी असेल, उदाहरणार्थ 'ऑल ॲट वन्स ही स्टॉप्ड', तर 'एकत्र' या अर्थाला जागाच नाही. एकटा माणूस कोणाबरोबर एकत्र थांबणार? तिथे निखळ 'अचानक' आहे. याच्या उलट वाक्य आज्ञार्थी असेल तर 'अचानक' संभवत नाही, कारण 'अचानक कर' असे कोणाला सांगता येत नाही. सांगितल्यावर ते अचानक राहतच नाही. त्यामुळे आज्ञेत हा वाक्प्रचार नेहमी 'एका वेळी, एका दमात' असा घ्यावा. पाककृतींत हे फार छान दिसते. एक्लेअर, म्हणजे आत क्रीम भरलेली लांबट फ्रेंच पेस्ट्री, ज्या पिठाची करतात त्याच्या इंग्रजी कृतीत, पाणी आणि लोणी उकळले की 'ॲड द फ्लोअर ऑल ॲट वन्स' असे सांगितलेले असते. ज्यांनी मोदकाची उकड काढली आहे त्यांना हे वाक्य समजावून घ्यायला शब्दकोश लागणार नाही: पाण्याला उकळी आली की तांदळाची पिठी एकदम घालायची, चमच्याचमच्याने घालत बसायचे नाही, नाहीतर गुठळ्या होतात. आणि जिथे उलट हवे असते तिथे इंग्रजी कृती 'अ लिटल ॲट अ टाइम' म्हणते. आपण 'दूध थोडे थोडे घाला' म्हणतो तेच ते.

मुलीच्या वाक्यात कर्ता अनेकवचनी आहे, क्रिया भूतकाळातली आहे आणि वाक्प्रचार वाक्याच्या तोंडाशी आहे. अनेकवचन 'एकत्र'कडे ओढते आणि वाक्यारंभीची जागा 'अचानक'कडे ओढते, कारण गोष्ट सांगताना इंग्रजी लेखक कलाटणी देणारा शब्द आधी ठेवतो आणि पुढे बहुधा स्वल्पविराम देतो. बाईंना पडलेला प्रश्न या ओढाताणीतून आलेला आहे, आणि रेघ ओढून थांबण्याऐवजी त्यांनी तो विचारला याबद्दल मला त्यांचे कौतुक वाटते. मुलीला 'एकत्र' म्हणायचे असेल तर वाक्प्रचार शेवटी न्यावा, 'द चिल्ड्रन स्टुड अप ऑल ॲट वन्स', किंवा सरळ 'ऑल द चिल्ड्रन स्टुड अप टुगेदर' लिहावे. 'अचानक' म्हणायचे असेल तर 'ऑल ऑफ अ सडन' किंवा 'सडनली' घ्यावे. पण तिला दोन्ही म्हणायचे असेल तर? वर्गात गलका चालला आहे, मुख्याध्यापक दारात येतात आणि सगळा वर्ग खाडकन उभा राहतो. ते उभे राहणे अचानकही असते आणि एकत्रही. मराठीतले 'सगळी मुले एकदम उभी राहिली' हे वाक्य दोन्ही सांगते. अशा वेळी 'ऑल ॲट वन्स' वाक्याच्या आरंभी ठेवण्यात काहीच गैर नाही, उलट त्याच्याइतका नेमका दुसरा शब्द इंग्रजीत सापडणार नाही.

इंग्रजीतल्या ज्या प्रसिद्ध कवितेत हा वाक्प्रचार येतो तिची गोष्ट मुलीला जरूर सांगावी. वर्डस्वर्थची डॅफोडिलच्या फुलांवरची कविता १८०७ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत एकटा भटकणाऱ्या कवीला 'ऑल ॲट वन्स' फुलांचा थवाच्या थवा दिसतो. व्याकरणाने पाहिले तर कर्ता एकटा, म्हणून अर्थ 'अचानक'. पण पुढे लगेच फुलांची गर्दी येते, त्यामुळे 'सगळी फुले एका नजरेत' ही छटाही त्याच दोन-तीन शब्दांवर येऊन पडते. गंमत अशी की प्रत्यक्षात तसे घडलेच नव्हते. १५ एप्रिल १८०२ रोजी अल्सवॉटर सरोवराच्या काठाने कवी आणि त्याची बहीण डोरोथी चालले होते आणि तिने त्या दिवसाची नोंद रोजनिशीत करून ठेवली आहे. तिच्या नोंदीप्रमाणे आधी पाण्याजवळ थोडीशी फुले दिसली, पुढे जाता जाता आणखी दिसली, त्याहून आणखी दिसली, आणि अखेरीस काठाने पसरलेला लांबच लांब पट्टा नजरेस पडला. रोजनिशीतली फुले थोडी थोडी येतात आणि कवितेतली एकदम येतात. (कवितेत तो एकटा आहे, हेही बहिणीच्या लक्षात आले असणारच.) जे टप्प्याटप्प्याने दिसले ते सगळे एका क्षणात गोळा करायला कवीला हाच वाक्प्रचार हवा होता, 'सडनली'ने फुले अचानक दिसली असती, पण सगळी मिळून दिसली नसती.

या कुटुंबातल्या बाकीच्या मंडळींविषयी थोडक्यात. 'ऑल ऑफ अ सडन' यात 'अचानक'खेरीज दुसरा अर्थ नाही, म्हणून तो निर्धोक आहे. मात्र त्यातला 'अ' सोडून 'द' लावलेला प्रकार अमेरिकी बोलण्यात कानावर येतो, तो परीक्षेच्या वहीत नको. 'सडनली' हा शब्द मुलांच्या निबंधांत इतका बोकाळलेला असतो की तिसऱ्यांदा आल्यावर वाचणारा दचकायचेच विसरतो. 'ॲट द सेम टाइम' एकाच वेळी घडणे सांगतो, परंतु वाक्याच्या आरंभी आला तर कधीकधी त्याचा अर्थ 'असे असले तरी' असा होतो. 'वन ॲट अ टाइम' हा या सगळ्यांचा उलटा भाऊ, म्हणजे एकेक करून.

औपचारिक लिखाणात, अहवालात किंवा कायद्याच्या भाषेत 'ऑल ॲट वन्स' घरगुती वाटतो आणि तिथे 'सायमल्टेनिअस' येतो. लोकसभा आणि विधानसभा यांच्या निवडणुका १९५१-५२ पासून १९६७ पर्यंत साधारणपणे बरोबरच झाल्या, आणि आता त्या पुन्हा तशा घ्याव्यात का या चर्चेत इंग्रजी कागदपत्रे 'सायमल्टेनिअस इलेक्शन्स' म्हणतात, मराठी वृत्तपत्रे 'एकत्रित निवडणुका' म्हणतात. न्यायालयाने दोन शिक्षा बरोबरीने भोगायला सांगितल्या तर तिथला शब्द आणखी वेगळा, 'कन्करंटली'. आपल्या जुन्या मराठीत या सर्वांना पुरून उरणारा 'एकसमयावच्छेदेकरून' असा भारदस्त शब्द होता. तो म्हणून होईपर्यंत समय निघून जातो, ही त्याची एकच अडचण.

आता आपल्या फलकावर काय लावावे ते सांगतो. माझ्या मते 'ॲट वन्स' आणि 'ऑल ॲट वन्स' दोन्ही काढून टाकावेत आणि जे ठरले तेच सरळ लिहावे: 'मेंबर्स आर रिक्वेस्टेड टू पे देअर एरिअर्स इन अ सिंगल पेमेंट, ऑन ऑर बिफोर थर्टी-फर्स्ट मार्च.' त्यात एकरकमीपणा 'सिंगल पेमेंट'ने सांगितला आणि मुदत तारखेने सांगितली, त्यामुळे घाईचा शब्द लागलाच नाही. पहिल्या सूचनेत तारीखच नव्हती, हेही नजरेआड करू नये. तारीख असती तर 'ॲट वन्स'चा 'ताबडतोब' हा अर्थ वाचणाऱ्याने आपणहून बाजूला ठेवला असता, कारण मुदत दिलेली गोष्ट कोणी ताबडतोब मागत नाही. खाली मराठीतही एक ओळ असू द्यावी: 'थकबाकी हप्त्यांनी न भरता ३१ मार्चपर्यंत एकरकमी भरावी.' इथे 'एकदम'पेक्षा 'एकरकमी' बरा, कारण पैशांखेरीज दुसऱ्या कशाला तो लागतच नाही.

त्या ज्येष्ठ सभासदांकडे नवी सूचना फलकावर लावण्याआधी आपण स्वतः घेऊन जावे. 'तुम्ही वाचलेत ते बरोबर होते, मी लिहिले ते चुकले' एवढे म्हटले तरी पुरे. आणि मजकूर त्यांना एकदा तपासून द्यायला सांगितला तर यापुढच्या सूचनांसाठी आपल्याला घरबसल्या एक काटेकोर वाचक मिळेल. मुलीला मात्र वाक्य खोडू देऊ नका. त्या क्षणी वर्गात काय दिसले ते तिने डोळे मिटून आठवावे आणि बाईंच्या प्रश्नाखाली, त्याच समासात, 'अचानक', 'एकत्र' किंवा 'दोन्ही' यांपैकी खरे असेल ते उत्तर लिहून वही परत द्यावी.